आजोबांच्या जुन्या पासपोर्ट फोटोवरून डिजिटल पोर्ट्रेट कसं करावं?

तुम्ही विचारलंय की आजोबांचा एकच कृष्णधवल पासपोर्ट फोटो उरलाय, ओळखपत्रावरचा, खांद्यावर जांभळा शिक्का उमटलेला. त्यावरून रंगीत पोर्ट्रेट करून वर्षश्राद्धाला हॉलमध्ये लावायचंय, तर अ‍ॅप वापरू की स्वतः शिकू?

मी फोटोवरून पोर्ट्रेटची कामं घेतो, म्हणून अ‍ॅपचं आधी सांगून टाकतो. फोटो ‘क्लिअर’ करून देणारी एआय अ‍ॅप्स नसलेले बारकावे मनाने भरतात. एवढ्याशा फोटोत डोळा म्हणजे काही ठिपके. अ‍ॅप तिथे पापण्या, चकाकती बुबुळं सगळं काढून देतं, फक्त ते डोळे आजोबांचे नसतात. बाहेरचा माणूस ‘वा’ म्हणतो आणि आजी विचारते, हे कोण?

स्टुडिओवाले ‘स्मज पेंटिंग’ करून देतात. त्यात फोटोवरच स्मज टूल फिरवून त्वचा गुळगुळीत करतात आणि केसांच्या बटा ओढतात. लग्नाच्या मोठ्या फोटोला ते चालून जातं. तुमच्या फोटोत मुळात फिरवायला काही नाही, त्यामुळे रंगवावंच लागेल.

मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. स्कॅनरवर 1200 डीपीआयला (इंचामागे 1200 ठिपके) स्कॅन करा, म्हणजे 35 बाय 45 मिमीच्या फोटोतून साधारण 1650 बाय 2100 पिक्सेल मिळतात. आणि फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. नंतर चॅनल, म्हणजे चित्राचे लाल, हिरवा आणि निळा हे रंगांचे थर, वेगळे करून पाहिलेत तर जांभळी शाई ब्लू चॅनलमध्ये बरीच फिकी पडते आणि शिक्क्याखालचा कोट दिसायला लागतो. फोटो पिवळा पडला असेल, तर ते डाग उलट रेड चॅनलमध्ये कमी दिसतात. दोन्हींतलं चांगलं तेवढं घ्यायचं.

कॉम्प्युटर असेल तर क्रिता हे चित्र रंगवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला भरपूर पुरतं. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट हे तसंच अ‍ॅप. कॉम्प्युटरला जोडायचा, पेनचा दाब ओळखणारा साधा टॅबलेट मात्र घ्याच, माउसने चेहरा रंगवणं म्हणजे शिक्षा आहे. 12 बाय 16 इंचाच्या फ्रेमसाठी कॅनव्हास 3600 बाय 4800 पिक्सेलचा ठेवा.

बाह्यरेषा खुशाल ट्रेस करा. काहीजण त्याला चोरी म्हणतात, मला ते पटत नाही, कारण माणूस रेषेत नसतोच. तो सावल्यांच्या आकारात असतो. मोठा ब्रश घ्या, उजेड, मधला आणि अंधार असे तीनच करडे रंग घ्या आणि डोळे किलकिले करून भुवयांखालची, नाकाखालची, खालच्या ओठाखालची सावली मांडा. बुबुळं न काढताच आजोबा लांबून ओळखू आले पाहिजेत. येत नसतील तर पुढे जाऊ नका. क्रितामध्ये एम दाबलं की चित्र आरशासारखं उलटं दिसतं, वाकडं झालेलं नाक तिथे लगेच सापडतं. चित्रकार वासुदेव कामत यांची पोर्ट्रेटची प्रात्यक्षिकं यूट्यूबवर आहेत, माध्यम वेगळं असलं तरी जरूर पाहा.

रंगांचं म्हणाल, तर करड्या चित्रावर एकच त्वचेचा रंग ‘कलर’ मोडमध्ये (यात खालचा उजेड-अंधार तसाच राहून फक्त रंग चढतो) ओतला की हाताने रंगवलेल्या जुन्या फोटोसारखं दिसतं. खऱ्या चेहऱ्यावर कपाळ जरा पिवळसर असतं, नाक, गाल, कान लालसर आणि दाढीचा भाग करडा-निळसर. सावलीत काळा मिसळू नका, चेहरा मळकट होतो. डोळ्यातला पांढराही पांढरा नसतो, त्यावर वरच्या पापणीची सावली पडते. मिशी आधी एक गडद आकार म्हणून भरा, सुटे केस शेवटी, तेही कडेलाच. टोपी पांढरी असेल तर तिची सावलीकडची बाजू बिनधास्त करडी-निळी करा.

त्वचेचा नेमका रंग कृष्णधवल फोटो सांगणार नाही. घरात त्यांच्यासारखा वर्ण असलेले काका किंवा आत्या असतील तर त्यांना खिडकीपाशी बसवून फोटो काढा आणि तो समोर ठेवा. ‘थोडे उजळ करा’ अशी फर्माईश घरातून येईलच. माझ्याकडे जवळपास प्रत्येकजण म्हणतो आणि मी प्रत्येकाशी वाद घालतो. ज्या माणसाची आठवण ठेवायची त्याचा वर्ण बदलून काय मिळवायचं?

चित्रकलेचा हात अजिबात नसेल तर थेट आजोबांना हात घालू नका. आधी वडिलांच्या एखाद्या चांगल्या फोटोवर सराव करा. दिवस थोडे उरले असतील तर काम बाहेर द्या, पण देण्याआधी त्या माणसाने जुन्या, खराब फोटोवरून केलेली कामं मूळ फोटोंसकट पाहून घ्या.

छापताना चित्र स्क्रीनपेक्षा गडद येतं, म्हणून लॅबमधून आधी 4 बाय 6 चा नमुना काढून बघा. कागद मॅट घ्या, नाहीतर ट्यूबलाइटच चेहऱ्यावर दिसेल. कॅनव्हासवर छापून लाकडी चौकटीवर ताणणार असाल, तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच जादा पार्श्वभूमी रंगवून ठेवा. ती सोडली नाही तर आजोबांची टोपी कडेवर दुमडली जाते.