मराठीत क्रियापदालाही लिंग असतं, मग ट्रान्स आणि नॉन-बायनरी सहकाऱ्यांशी बोलायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंधेरीच्या ऑफिसात एका ट्रान्स सहकाऱ्याने (जन्मावेळी नोंदलेलं लिंग पुरुष, स्वतःची ओळख स्त्री) सगळ्यांना कळवलंय की आता नाव निशा, आणि 'ती' म्हणा. दुसऱ्या टीममधल्या नॉन-बायनरी (स्त्री किंवा पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणाऱ्या) किरणला 'तो'ही नको आणि 'ती'ही नको. इंग्रजीत एक शब्द बदलला की भागतं, पण मराठीत सगळं वाक्यच बदलतं. चुकलं तर काय करायचं, आणि ज्येष्ठ साहेब ऐकत नाहीत त्यांचं काय?

निशासाठी नियम सोपा आहे, सवय अवघड. किरणसाठी वाक्यं वेगळ्या रीतीने बांधावी लागतात, पण मराठीत तशी सोय आहे, आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे.

आधी निशाचं. लोक 'तो' आणि 'ती' सांभाळतात आणि क्रियापदावर पडतात. मराठीत सर्वनाम गाळून बोलता येतं, क्रियापदाचं शेपूट गाळता येत नाही. 'निशा आला का?' यात सर्वनाम कुठेच नाही, तरी जे बोचायचं ते बोचलं. म्हणून सराव शेपटांचा करा: आली, गेली, होती, येते, करायची, विसरली, एकटी, नवी. समोरासमोर 'तू' असेल तर आलीस, येतेस, बसली होतीस. सगळ्यात जास्त घसरगुंडी 'अरे' आणि 'रे' यांवर होते, कारण ते तोंडातून विचार न करता येतात. 'काय रे, जेवलास?' हे वाक्य दोन ठिकाणी चुकलेलं आहे असं समजा: 'काय गं, जेवलीस?' हवं. 'अगं' जिभेवर बसलं की बाकीचं क्रियापद आपोआप त्याच्यामागे येतं, म्हणून सुरुवात तिथून करा. ऑफिसला जाताना मनातल्या मनात नाही, मोठ्याने पाच वाक्यं म्हणा: एक भूतकाळातलं, एक चालू काळातलं, एक 'होती'चं, एक विशेषणाचं आणि एक 'अगं'चं. आठवडाभर केलंत तरी फरक पडतो, कारण ही चूक डोक्यात नाही, जिभेत असते.

जुन्या गोष्टी सांगतानाही तीच रूपं. 'दोन वर्षांपूर्वी निशा पुण्याच्या ऑफिसात होती.' 'तेव्हा होता, आता आहे' असा हिशेब बहुतेकांना नको असतो. नाव तर मुळीच अवघड नाही. आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून सुनेचं नाव बदलायची प्रथा होती, काही घरांत अजून आहे, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं घर, शेजार, दूधवाला नव्या नावाने हाक मारायचा. तेव्हा कुणाला जीभ वळत नाही अशी अडचण आली नाही.

आता किरण. इथे आधी विचारा, आणि मराठीपुरतं वेगळं विचारा. इंग्रजी ईमेलखाली 'दे / देम' (they/them, म्हणजे लिंग न सांगणारं सर्वनाम) लिहिलेलं असतं, पण त्यावरून मराठीत काय चालेल ते कळत नाही. बंबईया हिंदीत 'उसको', 'उसका' यांत लिंगच नाही, अडचण 'आया' आणि 'आई'ची आहे. मराठीत दोन्हीकडे आहे. त्यामुळे एकच माणूस इंग्रजीत एक, हिंदीत दुसरं आणि मराठीत तिसरं रूप निवडू शकतो. प्रश्न साधा: 'मराठीत बोलताना कसं म्हणू?' एवढाच, आणि एकट्याला गाठून, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाही.

उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. कुणी आदरार्थी 'ते' सांगतं: 'ते आले, त्यांनी सांगितलं.' यातलं 'त्यांना, त्यांचं, त्यांनी' तर स्त्री-पुरुष दोघांनाही सारखंच लागतं, पण 'ते आले' अनेकांच्या कानाला 'साहेब आले'सारखं पुरुषी लागतं. म्हणून सगळ्यांना ते आवडेलच असं नाही. कुणी मनाने एक रूप निवडतं, तर कुणी म्हणतं की नाव घ्या आणि लिंग टाळा. मात्र आपणहून नपुंसकलिंगी एकवचन लावू नका. 'ते आले' आणि 'ते आलं' यांत एका मात्रेचा फरक आहे, पण दुसऱ्याने माणसाची वस्तू होते. मालवणीत 'चेडू' नपुंसकलिंगी असतं आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही, हे खरं. पण प्रमाण मराठी बोलणाऱ्या ऑफिसात तो आधार चालणार नाही. किरणने स्वतःच तसं सांगितलं तर गोष्ट वेगळी.

लिंग टाळून बोलायचं असेल तर ही रूपं उपयोगी पडतात. भविष्यकाळात लिंग नाही: 'किरण उद्या येईल', 'किरण येणार आहे'. चालू काळात 'करतोय' आणि 'करतेय' ऐवजी 'करत आहे' म्हणा, थोडं पुस्तकी वाटतं पण चालतं. नकारात तर प्रश्नच मिटतो: 'किरण आज येत नाहीये.' भूतकाळात 'ने' लागणारी क्रियापदं वापरा, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं: 'किरणने मेल पाठवला', 'किरणने फाइल दिली'. गंमत अशी की विसरणं, बोलणं, शिकणं, भेटणं, जेवणं यांना 'ने' लागत नाही, आणि सगळे नेमके तिथे अडकतात. यांचे पर्याय पाठ करून ठेवा: 'विसरला' ऐवजी 'किरणच्या लक्षात राहिलं नाही', 'बोलला' ऐवजी 'किरणने सांगितलं', 'भेटला' ऐवजी 'किरणची भेट झाली', 'जेवला' ऐवजी 'किरणचं जेवण झालं'. 'मीटिंगला होता' या जागी 'किरणनेही मीटिंग अटेंड केली'. उशीर झाला असेल तर 'किरणला उशीर झाला', तिथे क्रियापद उशिराचं आहे, किरणचं नाही.

'आमचा किरण' की 'आमची किरण' असा पेच आला तर विभक्ती लावा: 'आमच्या किरणला विचारा.' 'त्याचा' आणि 'तिचा' यांची जागा 'आपला' किंवा 'स्वतःचा' घेतो: 'किरणने स्वतःचा लॅपटॉप आणलाय.' विशेषणांत हुशार, शांत, मेहनती, नवीन, तयार ही बदलत नाहीत. चांगला, एकटा, वेगळा, भोळा, नवा ही बदलतात. 'नुकताच' आणि 'नुकतीच' हाही छुपा सापळा आहे, 'आत्ताच' म्हणा.

समोरासमोर 'तुम्ही' असेल तर काहीच त्रास नाही: 'तुम्ही आलात, तुम्ही कुठे जाता?' पण ज्या माणसाशी कालपर्यंत 'तू' होतं त्याला आज 'तुम्ही' करू नका. तो आदर नसतो, अंतर असतं, आणि ते लगेच कळतं. 'तू' ठेवूनही वाट आहे: 'येशील का?', 'तुला जमेल का?', 'तू केलंस का ते?', 'तू कुठे आहेस?'

स्वतः माणूस 'मी जाते' म्हणतो की 'मी जातो', हे ऐकून अंदाज बांधायची सवय अनेकांना असते. बऱ्याचदा अंदाज बरोबर येतो. पण मुंबईत अर्धं ऑफिस बाहेरगावचं असतं, आणि कोल्हापूरकडच्या बायका बिनधास्त 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तेव्हा तेवढ्यावर निकाल देऊ नका.

चूक झाली तर त्याच वाक्यात दुरुस्त करा आणि पुढे जा: 'निशा आला, आली, आणि फाइल तिच्याकडेच आहे.' बस. पाच मिनिटं 'सॉरी गं, मला खरंच वाईट वाटतंय' केलंत तर शेवटी निशालाच तुमची समजूत काढावी लागते, आणि आजूबाजूचे सहा जण माना वर करून बघतात. दुसऱ्याची चूक झाली तर टोकू नका, तुमच्या पुढच्या वाक्यात बरोबर रूप येऊ द्या. तेच परत परत होत असेल तर त्या माणसाला चहाला घेऊन जा आणि एकांतात सांगा.

एक गोष्ट मात्र व्याकरणापेक्षा मोठी आहे: कुणासमोर कोणतं नाव घ्यायचं. मुंबईत कितीतरी जण ऑफिसात एका नावाने आणि घरी दुसऱ्या नावाने राहतात. पीजीची मालकीण, ब्रोकर, गावाकडचे आईवडील यांना माहीत असेलच असं नाही. तेव्हा निशालाच विचारा: 'घरून फोन आला तर काय म्हणू?' ती जुनं नाव घ्या म्हणाली तर तिथे तेच घ्यायचं. उत्साहाच्या भरात नवं नाव घेऊन तिचं घर सुटू शकतं.

जुनं नाव जिथे चिकटून राहतं त्या जागा शोधा: तुमच्या फोनमधला सेव्ह केलेला नंबर, व्हॉट्सअॅप ग्रुप, चॅटचं नाव, ईमेल आयडी, गळ्यातलं ओळखपत्र, मीटिंग रूमचं कॅलेंडर, गेटवरच्या वॉचमनची यादी, मेडिक्लेमचं कार्ड. दिसणारं नाव एचआर पहिल्या दिवशी बदलू शकतं. पगाराची स्लिप आणि पीएफ मात्र आधार आणि पॅनशी जुळावं लागतं, नाहीतर पुढे पीएफचा दावा अडकतो, म्हणून ते कागदपत्रं बदलल्यावरच. आधारमध्ये आणि २०१८ पासून पॅनच्या अर्जातही स्त्री-पुरुषांखेरीज तिसरा रकाना आहे. पण कागद कधी करायचे, करायचे की नाही, हा निशाचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा ठरवलं. मग हाक मारण्यासाठी तुम्ही प्रमाणपत्र मागायचं कारण नाही. ऑपरेशन झालं का, 'खरं' नाव काय, कोणतं टॉयलेट वापरणार, हे सहकाऱ्यांचे प्रश्नच नव्हेत. 'ओळखूच येत नाही हं' हे कौतुकही गिळून टाका.

लिखाणात 'श्री.' आणि 'श्रीमती' यांच्याऐवजी नुसतं नाव किंवा 'मा.' लिहा. माइकवर 'बंधू आणि भगिनींनो' ऐवजी 'मंडळी' म्हटलं की झालं, तसंही ते जास्त गोड वाटतं. ऑफिसात संक्रांतीचं हळदीकुंकू होत असेल तर इतर बायकांना बोलावता तसंच निशाला बोलवा. यायचं की नाही ते ती ठरवेल. 'तृतीयपंथी' हा शब्द सरकारी कागदांत येतो, पण प्रत्येक ट्रान्स व्यक्ती स्वतःला तसं म्हणवून घेत नाही. 'हिजडा' हा गुरू-चेल्याच्या परंपरेचा समाज आहे, ती ओळख कुणी स्वतः सांगितली तरच तो शब्द. लोकलमध्ये किंवा सिग्नलला कुणी पैसे मागितले आणि द्यायचे नसतील तर 'नाही ताई' पुरतं, टाळ्यांची नक्कल कशाला?

आणि तुमचे साहेब. त्यांना लैंगिकतेवर व्याख्यान देऊ नका, ते आणखी ताठरतील. एकच काम सांगा: 'साहेब, निशाला अगं म्हणायचं, बाकी आम्ही सांभाळतो.' बहुतेक ज्येष्ठ मंडळी मुद्दाम करत नाहीत, लाजतात. जे मुद्दाम करतात, हसत हसत जुनं नाव घेतात, त्यांची तारीख, वेळ आणि वाक्य लिहून ठेवा. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेने यासाठी तक्रार अधिकारी नेमायचा असतो, आणि नोकरीत भेदभाव करायला कलम ९ ने मनाई आहे. तुमच्या कंपनीत तो अधिकारी कोण, हे एचआरला आजच मेल करून विचारा. तक्रार द्यायची की नाही, हे मात्र निशाला विचारूनच. कंपनीला प्रशिक्षण हवं असेल तर मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था आहेत. फक्त निशाने सांगितलं त्याच आठवड्यात ते ठेवू नका, नाहीतर दोन तास सगळं ऑफिस पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत बसेल.