गावच्या सिंचन तलावातला गाळ या उन्हाळ्यात सगळाच काढणार आहेत. त्यामुळं थंडीतले पक्षी यायचे थांबतील का?

सगळाच काढला तर बरेचसे थांबतील. मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला. आमच्या गावानं ही चूक करून बघितलीय, म्हणून कळकळीनं लिहितोय.

गाळ काढायला माझा विरोध नाही. साठा वाढतो, हलक्या रानात गाळ पसरला की माती ओल धरते. पण आमच्याकडं पोकलेन आणला आणि काठापासूनच सरळ खाली खोदत गेले. पाऊस झाला, तळं तुडुंब भरलं, सगळे खूश. थंडीत मात्र शेकाटे पक्षी दिसले नाहीत. दरवर्षी घोट्याएवढ्या पाण्यात लाल काड्यांसारख्या पायांवर ते चिखल टोचत फिरायचे. आता उभं राहायला जागाच नव्हती, काठावरून पाय टाकला की थेट पुरुषभर पाणी. म्हशी पाण्यात उतरायला घाबरायला लागल्या तेव्हा कुठं गावाला जाणवलं.

अशा पक्ष्यांना खोल पाणी नको, उथळ चिखल हवा. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) सुद्धा चोच उलटी करून चिखलपाणी गाळूनच खातो. आमच्या तालुक्यातले मायणी, येरळवाडीचे तलाव माणसानंच बांधलेले, तरी परदेशी पाहुणे तिथं उतरतात ते फुगवट्याच्या, म्हणजे बांधापासून लांबच्या टोकाच्या, उथळ पाण्यामुळं. मायणीला 2021 साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तुमच्या तळ्याला तसं कवच नसणार. 2017 च्या पाणथळ जागा राखायच्या नियमांतून खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. म्हणजे राखायचं ते गावानंच.

फुगवट्याकडचा, ओढा येऊन मिळतो तो भाग अजिबात हलवू नका. तिथलं लव्हाळं, पाणकणीसही राहू द्या. मरळ मासळी अशाच वनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते आणि पिल्लं राखते. खोदाई मधल्या भागात करा, भरावापासून म्हणजे तळ्याच्या बांधापासून लांब, काठाला लांबवर उतार ठेवून. मूळ तळ लागला की थांबा. खाली मुरूम उघडा पडला तर पाणी मुरून जातं. उन्हाळ्यात कुठं डोह शिल्लक असेल तर त्याला हात लावू नका, पुढच्या साली मासे त्यातूनच वाढतात. वरच्या माळावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे सपाट पातळीतले चर, नसतील तर तेही घ्या, नाहीतर काही पावसाळ्यांत गाळ परत येईल.

मशीन यायच्या आधी दोघं-चौघं जाऊन राखायच्या भागाभोवती चुन्याची फक्की मारा. डंपर एकदा सुरू झाले की ऑपरेटर कुणाचं ऐकत नाही. त्याला ब्रासवर, म्हणजे काढलेल्या गाळाच्या मापावर, पैसे मिळतात.