वाळीत राहिलेल्या माणसाचे मन

प्रश्न : भावकीने आमचे घर चार वर्षे वाळीत टाकले होते. आता समेट झाला आहे. परंतु पूर्वी लग्नकार्य असो वा मयत, सर्वांआधी धावून जाणारे माझे वडील हल्ली कोणाच्याच हाकेला ओ देत नाहीत. त्यांचे मन कठोर झाले असेल का?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : कठोर झाले, असे मला वाटत नाही, ते बधिर झाले असावे, आणि या दोहोंत फार अंतर आहे. मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी, रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर केलेले सात प्रयोग प्रसिद्ध केले. ‘पुढील आयुष्यात तुम्ही एकटे पडाल’ असे ज्यांना मुद्दाम सांगण्यात आले, त्यांनी गरजू विद्यार्थ्यांच्या निधीला इतरांपेक्षा कमी पैसे दिले, आणि समोर सांडलेल्या पेन्सिली उचलून देण्यासही ते फारसे पुढे झाले नाहीत. ‘तुम्हाला वरचेवर अपघात होतील’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांचा हात मात्र असा आखडला नाही; म्हणजे केवळ वाईट भाकितामुळे हे घडले नव्हते. माणसांतून तुटल्यावर दुसऱ्याचे दुःख आपलेसे वाटण्याची शक्तीच मंदावते आणि म्हणून मदत आटते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. तिथे काही मिनिटांच्या कल्पनेने एवढे झाले. आपल्या वडिलांनी तर चार वर्षे सावडीला, पंगतीला, कदाचित घरच्या मयतालाही कोणी न येणे सोसले आहे.

महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे आणि त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु समेटाच्या कागदावर सही झाली म्हणून आटलेली माया लगेच पाझरू लागत नाही.

वरील प्रयोगांच्याच वर्षी, 2007 मध्ये, मानसशास्त्रज्ञ जॉन मॅनर व सहकाऱ्यांनी दाखवलेली दुसरी बाजू आपल्याला उपयोगी पडेल. डावलली गेलेली माणसे ज्यांच्याशी नव्याने ओळख होणार असेल त्यांच्याशी उदारपणे वागू शकतात, मात्र ज्यांनी डावलले त्यांच्याशी नाही. म्हणून ‘झाले गेले विसरा’ असा आग्रह आपण धरू नये, हे मी कळकळीने सांगतो. ज्या घरांनी बहिष्कारात भाग घेतला नव्हता, किंवा जी गावात नवी आहेत, तिथल्या एखाद्या लहान कामाला त्यांना सोबत न्यावे. भावकीच्या दारात आधी वडिलांनी का जावे? पहिले पाऊल भावकीने आपल्या अंगणात टाकले पाहिजे.