मुलगा वर्गात असतो पण नसतोच, मी नक्की काय करू?

प्रश्न: मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवते. एसवायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, एक मुलगा, एफवायला एकदम पुढे पुढे असायचा, दिवाळीनंतर पार गळून गेलाय. प्रॅक्टिकलला येतो पण जर्नल कोरं, दोन विषयांत नापास होऊन एटीकेटी, हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर यादीत नाव. परवा म्हणाला, "मॅडम, मी असलो काय नि नसलो काय, कुणाला फरक पडतोय." मला पुढे काही सुचेना. आमच्याकडे काउन्सेलर म्हणजे पाटी लावलेली एक खोली, तिला कायम कुलूप. मी काही डॉक्टर नाही, उगाच विचारायला जावं आणि भलतंच व्हावं अशी भीती वाटते.
– एक प्राध्यापिका

उत्तर: मॅडम, ते वाक्य हवेत सोडू नका. आजच गाठा त्याला. स्टाफरूममध्ये नको, तिथे पेपर तपासता तपासता चार जणांचे कान इकडेच असतात. प्रॅक्टिकल संपल्यावर लॅबमध्येच थांबवा, दार उघडं असू दे, आणि सरळ विचारा, "त्या दिवशी तू जे बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाहीये, जीव द्यावा असं मनात येतं का रे?" असं विचारल्याने पोराच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरतं हा गैरसमज आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांना मोकळं वाटतं.

"हो" म्हणाला तर दचकू नका, काही ठरवलंयस का एवढं विचारा, आणि ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. तिथे "कुणाला सांगणार नाही" असलं वचनही द्यायचं नाही, स्पष्ट सांगा की हे मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही. घरी कळवायचं, पण कुणाला ते त्यालाच विचारा, कारण कधी कधी भीती नेमकी वडलांचीच असते आणि मामा किंवा मोठी बहीण जवळची असते. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. नुसता नंबर लिहून देऊ नका, शेजारी बसून लावून द्या. आणि परिस्थिती गंभीर वाटली तर थेट जिल्हा रुग्णालय, सोबत कुणीतरी जायचं.

"नाही मॅडम, तसं नाही" म्हणाला तरी लगेच हुश्श करू नका. गप्प बसून ऐका. बऱ्याचदा गोष्ट पैशावर येऊन थांबते, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची स्कॉलरशिप अडकलीय, मेसचं बिल थकलंय, म्हणून पोरगं रात्री कुठेतरी काम करतंय आणि सकाळच्या तासाला झोपतंय, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे. "आईबापाचा तरी विचार कर" हे मात्र चुकूनही बोलू नका, तो तेवढाच विचार करून करून इथवर आलेला असतो.

आता माझं मत सांगते, काहींना झोंबेल. शिक्षकाने समुपदेशक व्हायची गरजच नाही. आपल्या हातात जे आहे, सबमिशनची तारीख, व्हायव्हा, हजेरी, ते आधी नीट वापरा. डिफॉल्टर यादी नोटीस बोर्डावर चिकटवायच्या आधी त्या पोरांना एकेकटं बोलावून विचारता येत नाही का? व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकासमोर "हा आमचा एटीकेटीवाला" अशी ओळख करून देणारे सर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्या मुलाला जर्नलसाठी दोन आठवडे वाढवून द्या, एकदम सगळी नको, आधी तीन प्रयोग लिहून आण म्हणा, आणि विभागप्रमुखांच्या कानावर घाला. कारण सांगायचं नाही, "अडचण आहे" एवढं पुरे.

त्या कुलपाचं काय करायचं, तर लेखी अर्ज. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक हवा आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा ट्रेनिंग हवं. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे आणि त्यात महाराष्ट्र पहिला, तेव्हा प्राचार्यांना हे नवीन नसावं. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात म्हणून एकट्या सही करू नका, दोन कायम प्राध्यापकांना सोबत घ्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.

आणि तुमचा फोन त्याच्यासाठी रात्रभर चालू असायला पाहिजे असं नाही. किती वाजेपर्यंत उचलाल ते त्याला सांगा, त्यानंतर १४४१६. आठवड्याने परत विचारा, मुद्दाम, दुसऱ्या कामाच्या निमित्ताने नाही. त्याच्या रूम-पार्टनरचा नंबर आजच घेऊन ठेवा, आणि पुढच्या प्रॅक्टिकलला तो दिसला नाही तर त्याच दुपारी फोन लावा.