सामानाचा प्रवास वेगळा, जिवांचा वेगळा

तुझं पत्र वाचलं आणि आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. महिनाअखेरीला घर सोडायचंय, अंतर सहाशे किलोमीटर, पारा 45 अंशांना टेकलाय, पॅकर्सवाल्यांनी दुपारी बाराची वेळ दिलीय. आणि तू विचारतोस, तुझ्या पग कुत्र्याला ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं तर चालेल का आणि बोक्याला झोपेची गोळी देऊ का. हे सल्ले ज्यांनी दिले ते तुझे हितचिंतक असतील, त्या दोघांचे नक्कीच नाहीत.

तुझा त्यांच्यावर जीव आहे हे मला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. तुझा घोळ वेगळाच आहे. तारीख तू घरमालकाची धरलीस, वेळ ट्रकवाल्याची धरलीस, आणि आता उरलेल्या फटीत दोन जीव कसे कोंबायचे ते शोधतोयस. अरे, सामानाचा प्रवास वेगळा, जिवांचा वेगळा! कपाटाला ऊन लागत नाही. ते जाऊ दे बाराला.

पगचं आधी सांगते, कारण मला खरी धास्ती त्याचीच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. पगचं नाक चपटं, श्वासाची वाट मुळातच अरुंद. त्यामुळे धाप टाकायलाच त्याला इतके कष्ट पडतात की त्यानेच अंग आणखी तापतं. त्यात तो म्हातारा आणि तू लाडाने वाढवलेलं त्याचं वजन. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. 41 च्या पुढे गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. मधलं अंतर किती थोडं आहे बघ. दुपारच्या ट्रकमध्ये ते कधी ओलांडलं जाईल ते ड्रायव्हरला कळणारही नाही.

म्हणून असं कर. सामान आदल्या दिवशी जाऊ दे. तिकडे ते उतरवून घ्यायला तुझा तो मित्र आहेच. तू रिकाम्या घरात एक गादी, एक पंखा आणि या दोघांना घेऊन थांब. लवकर झोप. पहाटे चारला नीघ. मध्यरात्री नको. रस्ता आणि भिंती तेव्हाही उष्णता सोडत असतात, सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची. शिवाय झोप न झालेला ड्रायव्हर हा उन्हाइतकाच वाईट. नऊ-दहापर्यंत जेवढं अंतर कापलं जाईल तेवढं काप आणि मग थांब. जनावरं घेणारी खोली आधी फोन करून ठरवून ठेव, दिवस तिथे काढ, दुसऱ्या पहाटे उरलेलं. दोन पहाटा लागतील. ‘एका दमात पोचलो’ असं सांगायची हौस असेल तर ती एकटा असशील तेव्हा भागव.

माझ्या बदलीच्या नोकरीत घरं बरीच बदलली आणि या एका हट्टापायी माणसंही दुखावली. एकदा थोरला भाऊ मदतीला आला होता. दुपारी सगळ्या गाड्या एकदम निघतील असं त्याने ठरवलेलं. मी कुत्री आणि मांजरांना घेऊन रिकाम्या घरात फरशीवर बसले, पहाटेपर्यंत हलले नाही. ‘जनावरांपायी माणसांना ताटकळत ठेवतेस,’ असं म्हणून तो निघून गेला. पुढे वाटेत तो तासन्‌तास वाहनांच्या रांगेत अडकला आणि गाडीचा एसीही बंद पडला. मी बरोबर होते हे त्या रांगेने सिद्ध केलं. रांग लागली नसती तरीही मी बरोबरच होते, हे मात्र त्याला कधी पटलं नाही. आमच्यात आलेला दुरावा मला लागतो, अजून लागतो. पण तीच वेळ पुन्हा आली तर मी त्याच फरशीवर बसेन. सामानाचा प्रवास वेगळा, जिवांचा वेगळा, हे तेव्हा कुणी माझ्या बाजूने बोललं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तुझ्या बाजूने मी बोलतेय.

गाडीचं. एसीचा झोत पुढे बसलेल्यांना लागतो, मागच्या सीटवरचा कॅरियर, म्हणजे जनावर न्यायची पेटी, खिडकीतल्या उन्हात भाजत असते. तुला गार वाटतंय यावर जाऊ नकोस. एक साधा थर्मामीटर कॅरियरलाच बांध आणि तो बघ. त्यांना बसवण्याआधी गाडी गार करून घे, खिडक्यांना सनशेड लाव, कॅरियरवर सुती कापड टाकलंस तरी वारा जायला बाजू मोकळ्या ठेव. आणि बंद गाडीत एक मिनिटही नाही. अमेरिकेत 2005 साली मोजून पाहिलेलं आहे: उन्हातली उभी गाडी तासाभरात सरासरी 22 अंशांनी तापली आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून काही फरक पडला नाही. म्हणजे ‘चहा घेऊन येतो पटकन’ बंद. दोघं जण असाल तर आळीपाळीने उतरा. एकटा असशील तर त्यांना घेऊन उतर, मात्र डांबरावर पाय ठेवायच्या आधी तुझ्या हाताची मागची बाजू तिथे टेकवून बघ. तुला सात सेकंद टेकवेना, तर पगला उचलून घे.

गोळीचं उत्तर: ‘नाही’. शांत करणाऱ्या काही औषधांनी रक्तदाब उतरतो आणि शरीराला तापमान सांभाळता येत नाही, म्हणजे नेमकी या प्रवासात लागणारी ताकदच जाते. बोका फारच बिथरणारा असेल तर डॉक्टरांना विचार. त्यांनी काही दिलं तर आधी घरी देऊन बघ, प्रवासात पहिल्यांदा नको. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही द्यायचं नाही. पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

बोक्याला खरा धोका पॅकिंगच्या दिवशी आहे. दारं सताड उघडी, अनोळखी माणसं, आदळआपट. तो पळणारच. पॅकर्स यायच्या आधी त्याला पंखा असलेल्या एका खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लाव, चावी तुझ्या खिशात. कॅरियर आजपासूनच उघडा ठेव, त्यातच खाऊ दे, झोपू दे. प्रवासात तोंड उघडून धापा टाकायला लागला तर कुत्र्यासारखं करतोय म्हणून हसू नकोस. मांजराने धाप टाकणं चांगलं लक्षण नाही. थांब, गारवा दे, डॉक्टरांना फोन लाव.

पग लटपटला, उलटी झाली, हिरड्या लालभडक किंवा निळसर दिसल्या तर आधी अंगावर पाणी, मग दवाखाना. हा क्रम लोक हमखास उलटा करतात. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात उष्माघाताच्या जेमतेम पाचांतल्या एका कुत्र्याला दवाखान्यात नेण्याआधी गार केलेलं आढळलं. बर्फ शोधत बसू नकोस, पाणी त्याच्या अंगापेक्षा गार असलं की पुरे. ओतत राहा, वारा घाल. ओला टॉवेल मात्र अंगावर गुंडाळून ठेवू नकोस, त्याखाली उष्णता कोंडते. वाटेतल्या डॉक्टरांचे नंबर कागदावर लिहून घे, मोबाइल उन्हात बंद पडतात.

नव्या घरात वीज सुरू झालीय का ते आधी विचार. हे कुणालाच सुचत नाही, आणि मग पोचल्यावर पंख्याशिवाय चार तास जातात.

घरमालकांशी आजच बोल, दोन रात्री वाढवून माग. नाही म्हणाले तर पॅकर्सची तारीख दोन दिवस अलीकडे ओढ. दोन्ही जमेना तर मला फोन कर, मी बोलते त्यांच्याशी.