छोट्या टर्बोजेटच्या मागून ज्वाळा येते, थ्रस्टचा आकडा दर वेळी वेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टर्बोचार्जरचं कंप्रेसर-चाक (हवा दाबणारं चाक) वापरून केलेलं टर्बोजेट, म्हणजे छोटं जेट इंजिन, आता स्वतःच्या बळावर फिरतं, मागून वीतभर ज्वाळा येते, स्प्रिंगकाटा थ्रस्ट (इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर) कधी ६० तर कधी ७५ न्यूटन दाखवतो आणि इंधन नीट जळतंय की नाही ते समजत नाही.

आधी ज्वाळेचं बघू, कारण बऱ्याच जणांना ती जोराची खूण वाटते. सुरू करताना दोन-चार सेकंद दिसली तर ठीक. इंजिन आयडलला (सर्वात कमी स्थिर वेगाला) स्थिरावल्यावरही दिसत असेल, तर टर्बाइनच्या (गरम वायूने फिरून कंप्रेसर चालवणाऱ्या चाकाच्या) आधीच जळून संपायला हवं ते इंधन टेलपाइपमध्ये, म्हणजे मागच्या नळीत, जळतंय. चाक फिरवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. आरपीएम चढत नाहीत म्हणून आपण पंप आणखी वाढवतो आणि पाती भाजून निघतात.

बाजूला आरसा लावून अंधारात टेलपाइपच्या आत बघा (मागे उभं राहून नाही!). एकाच जागी लाल डाग दिसला तर इंधनाच्या सुया तपासायच्या. फ्युएल रिंग (सुया बसवलेली इंधनाची गोल नळी) काढून प्रत्येक सुईखाली एक वाटी ठेवा, मिनिटभर पंप चालवा आणि वाट्या वजन करा. माझ्या सहा सुयांपैकी पाचांनी ३४ ग्रॅमच्या आसपास दिलं, सहावीने ११. आत बारीकसा कार्बन अडकला होता. त्यापायी मी लायनरची (ज्यात इंधन जळतं त्या भोकं पाडलेल्या नळकांड्याची) भोकं दोनदा बदलून बसलो होतो.

आता ज्वलन मोजायचं. कंप्रेसर जेवढं काम खातो ते टर्बाइन परत देतं, म्हणून सगळं इंजिन मिळून हिशेब सोपा होतो: आत आलेली हवा आणि बाहेर पडलेला वायू यांच्या तापमानातला फरक म्हणजे जवळजवळ निव्वळ ज्वलनाची उष्णता. इंधनाची बाटली काट्यावर ठेवून मिनिटाचा खप काढा. समजा २०० ग्रॅम. केरोसिनची ग्रॅमला ४३ किलोज्यूल उष्णता धरली तर झाले साधारण १४३ किलोवॅट. हवेसाठी तोंडाला नरसाळ्यासारखं बेलमाउथ लावा आणि त्याच्या गळ्यातला दाब पाण्याच्या नळीने मोजा. गळा ६६ मिमीचा असेल आणि पाणी १४५ मिमी चढलं, तर हवा सेकंदाला सुमारे ०.२ किलो. म्हणजे इंधनाच्या साठपट हवा, या आकाराच्या इंजिनाला पटण्यासारखं. सगळं जळलं तर तापमान साधारण ६४० अंशांनी वाढायला हवं. बाहेर २० अंश असताना टेलपाइपमध्ये ६६०च्या आसपास मिळालं तर छान. ५०० मिळालं तर चौथा भाग इंधन न जळताच जातंय. मात्र के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारेची जोडी) एका जागी खुपसून ठेवू नका. आडवं सरकवत पाच-सहा ठिकाणचे आकडे घेऊन सरासरी काढा. ज्वाळा थेट त्याला चाटत असेल तर तो आकडा सोडून द्या.

थ्रस्टचं मूळ दुखणं मला काट्यापेक्षा बेंचमध्ये (इंजिन बसवलेल्या चाचणीच्या चौकटीत) दिसतं. इंधनाची नळी ताठ असली की ती स्प्रिंगसारखी ढकलते, आणि तुमचा १५ न्यूटनचा घोळ एवढ्यानेही होऊ शकतो. नळ्या आणि वायरी थ्रस्टच्या दिशेला काटकोनात, सैल झोळ ठेवून सोडा. स्प्रिंगकाटा काढून लोड सेल (जोर मोजणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर) बसवा, त्याला गरम हवेपासून आडोसा करा. मग इंजिन बेंचवर असतानाच, नळ्या जोडलेल्या असतानाच, कप्पीवरून इंजिनाच्या अक्षाच्या रेषेत वजनं टांगा: १, २, ३... ८ किलो, आणि तशीच उतरवत या. चढता-उतरता आकडा जुळला नाही तर कुठेतरी घर्षण आहे. १ किलोला ९.८१ न्यूटन, हे विसरून भलते आकडे सांगणारेही भेटतात. इंजिन चालवण्याआधी आणि बंद झाल्यावर, दोन्ही वेळा शून्य लिहून ठेवा. सेकंदाला ०.२ किलो हवा सेकंदाला ३५० मीटर वेगाने बाहेर पडली तर ७० न्यूटन होतात. तुमचा आकडा याच्या फार वर गेला तर इंजिनाआधी बेंचवर संशय घ्या.

एक गोष्ट मात्र आजच करा. पेट न घेता इंजिन थांबलं तर पुन्हा इग्निशन देण्याआधी ते मागे कलतं करून साचलेलं इंधन काढा आणि स्टार्टरने नुसती हवा फिरवा. १२ एप्रिल १९३७ला जेट इंजिनाचे ब्रिटिश संशोधक फ्रँक व्हिटल यांचं पहिलं इंजिन इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करूनही वेग घेत राहिलं, ते कंबस्टरमध्ये (ज्वलनकक्षात) साचलेल्या इंधनामुळेच. आणि चाकं ज्या प्रतलात फिरतात त्याच्या रेषेत, म्हणजे चाकांच्या अगदी बाजूला, कुणीही उभं राहू नये. चाक फुटलं तर तुकडे त्याच रेषेत बाजूला उडतात.

सुयांची वजनं आणि वजनं टांगल्यावरचे चढते-उतरते आकडे इथे टाका, लायनरला हात त्यानंतरच लावा.