कंबरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाली आहे. ट्रॅक्शन, मशीनचा शेक की व्यायाम, कशाने जास्त फरक पडतो?

व्यायामाने. बाकीचं नुसतं पडून करून घ्यायचं असतं, म्हणून लोकांना आवडतं. मीही ट्रॅक्शनला बांधून घेतलं, करंटचा शेक घेतला. टेबलावर छान वाटायचं. उतरून दोनशे पावलं टाकली की मांड्या भरून यायच्या, पोटऱ्यांना मुंग्या.

पण माझी खरी वाट लावली थोरल्या भावाच्या भुजंगासनाने. त्याची गादी सरकली होती आणि मागे वाकायच्या व्यायामांनी तो बरा झाला. मग काय, घरातला डॉक्टरच! मी चालताना जरा झुकलो की ओरडायचा, "ताठ चाल, म्हातारा झालास का?" महिनाभर ऐकलं त्याचं. दोनशे पावलांची सत्तर झाली.

एकदा सामान आणायला गेलो होतो. ट्रॉलीच्या दांड्यावर कोपरं टेकून अख्खं दुकान दोनदा फिरलो, पाय गप्प. म्हटलं, बरा झालो! बिल दिलं, ट्रॉली सोडली आणि दारापाशी पायरीवर बसलो.

फिजिओथेरपिस्टला हे सांगितलं तर ती हसली. पुढे वाकलं की नळी थोडी मोकळी होते, मागे वाकलं की आवळते. भावाचा आजार वेगळा, माझा वेगळा. तिने भुजंगासन बंद केलं. गुडघे छातीशी घेणं, पोटाचे स्नायू, आणि हँडलवर झुकून जागेवरची सायकल.

हाताने सांधे मोकळे करतात त्याचं म्हणाल, तर २०१९ साली अमेरिकेत २५९ रुग्णांवर चाचणी झाली. हाताचे उपचार अधिक वैयक्तिक व्यायाम घेणारे दोन महिन्यांनी पुढे होते, सहा महिन्यांनी औषधवाले, गटात व्यायाम करणारे आणि हे, सगळे सारखेच. २०१५ ची चाचणी भावानेच पाठवली होती: दोन वर्षांनी ऑपरेशन आणि फिजिओथेरपी बरोबरीत. फिजिओथेरपीच्या गटातल्या अर्ध्याहून जास्त जणांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं होतं, ते मात्र त्याने वाचलंच नव्हतं.

हां, चालताना दुखणारी पोटरी नुसतं उभं राहूनही दुखायची थांबत असेल तर रक्तवाहिन्या तपासा, ते दुखणं मणक्याचं नसेलही. आणि लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर माझं उत्तर वाचत बसू नका, तडक सर्जन गाठा.

हल्ली सायकलवर अर्धा तास सहज जातो. भाऊ आला की मुद्दाम जास्त वाकतो.